पन्नाशीची बाई आणि आशाताईचा टेप

घट बसले की आपल्या जिल्ह्यातल्या बाया घराबाहेर पडतात. मोहटादेवीच्या गडाकडे पाथर्डी-शेवगावच्या रस्त्यांनी अनवाणी निघालेल्या बायका, केडगावच्या रेणुकामातेपुढच्या पहाटेच्या रांगा, राशीनच्या जगदंबेची ओटी भरण्याची लगबग. या नऊ दिवसांत बाईच्या नावाने सारे गाव जागे असते. नवरात्राच्या आगेमागेच ऑक्टोबर येतो, आणि ऑक्टोबर हा जगभर स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना मानला जातो. राज्य सरकारने 2022 साली 26 सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही 18 वर्षांवरील महिलांच्या आरोग्य तपासणीची मोहीम सुरू केली होती. देवीच्या दिवसांत बाईच्या प्रकृतीची चौकशी व्हावी, हा विचार चांगला होता आणि आजही आहे. म्हणून या दिवसांत स्तनांच्या कर्करोगाची एक बाजू वाचकांपुढे मांडायची आहे. फलकांवर ती फारशी दिसत नाही.

जागतिक अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे 98 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. फलक सांगतात ते खरेच आहे: गाठ लागली तर लपवू नका, लवकर या. हे सांगणे शंभर वेळा झाले तरी जास्त होणार नाही, कारण आपल्याकडे बाई येते तेव्हा गाठ बहुधा वाढलेली असते. पण गाठ जिथे वाढते त्या जागेचे काय? स्तन म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि त्यांच्याभोवतीची चरबी. या चरबीकडे वैद्यकशास्त्रानेही बराच काळ नुसती भरताड म्हणून पाहिले. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या संशोधनाने ते मत बदलायला लावले आहे.

चरबीची पेशी तेल साठवते आणि साठवता साठवता फुगते. एका मर्यादेपलीकडे फुगली की तिला रक्तपुरवठा पुरत नाही, ती गुदमरते आणि मरते. मेलेल्या पेशीची विल्हेवाट लावायला मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी येतात आणि तिच्याभोवती कडे करतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कडे मुकुटासारखे दिसते, म्हणून शास्त्रज्ञ त्याला मुकुटाचेच नाव देतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या आणि वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 2011 साली स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या स्तनांतली चरबी तपासली, तेव्हा त्यांना ही कडी ठिकठिकाणी दिसली. याचा अर्थ असा की, स्तनाच्या चरबीत मंद दाह चालू होता. तो दुखत नाही, लाल होत नाही, त्याने ताप येत नाही. बाळंतिणीचे दूध साकळून होणारी सूज वेगळी, आणि स्तन लाल होऊन सुजणारा कर्करोगाचा एक दुर्मिळ प्रकार आहे तोही वेगळा. हा दाह बाईला कधीच जाणवत नाही.

जाणवत नसला तरी तो स्वस्थ नसतो. दाह सुरू असलेल्या चरबीत अरोमाटेज नावाचे एक विकर वाढते आणि ते इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करते. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेनचा मुख्य कारखाना अंडाशय असतो. पाळी गेली की तो बंद पडतो, आणि मग शरीरातले इस्ट्रोजेन प्रामुख्याने चरबीतून येऊ लागते. स्तनांच्या कर्करोगांपैकी बरेचसे याच संप्रेरकावर पोसतात. ज्या घरात अशी रुग्ण आहे त्या घरात लेट्रोझोलच्या गोळ्यांची पाकिटे वर्षानुवर्षे येत असतात. ती गोळी अरोमाटेजलाच अडवते. म्हणजे ज्या वाटेने चरबी कर्करोगाला खाऊ घालते तीच वाट बंद करायला आपण रोज एक गोळी देतो, आणि ती वाट रुंद कशाने होते याची चौकशी मात्र क्वचितच करतो.

ती चौकशी संशोधकांनी केली आहे. कोणत्या स्त्रियांच्या स्तनांतल्या चरबीत हा दाह जास्त आढळतो? वजन जास्त असलेल्यांच्या, वय वाढलेल्यांच्या, पाळी गेलेल्यांच्या. रक्तातली साखर चढलेली, ट्रायग्लिसराइड वाढलेले, ‘चांगले’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल कमी असलेले, रक्तदाब वाढलेला, इन्सुलिनला शरीर दाद देत नाही असे झालेले, अशांच्या. थोडक्यात, मधुमेहाच्या आणि हृदयविकाराच्या दाराशी नेणारी जी वाट आहे, तिच्याच आसपास हा दाह भेटतो. न्यूयॉर्कच्याच संशोधकांनी पुढे असेही पाहिले की, ज्या रुग्णांचा आजार नंतर शरीरात इतरत्र पसरला, त्यांच्यात स्तनाच्या चरबीत दाह असलेल्यांचा आजार लवकर उलटला होता.

इथपर्यंत वाचून जिल्ह्यातल्या बहुसंख्य बाया म्हणतील, मग मला काय त्याचे? मी कुठे लठ्ठ आहे? लठ्ठपणा हा मुंबई-पुण्याच्या बायकांचा आजार, आम्ही काटक माणसे. या समजाला बराच आधारही होता. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या वर्षांतल्या आकड्यांनी दाखवले की, खेड्यातल्या बाईला स्तनाचा कर्करोग मुंबईच्या बाईपेक्षा कितीतरी कमी होतो; तिला जास्त घोर होता तो गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा. लवकर लग्न, पाठोपाठ मुले, प्रत्येकाला वर्ष-दोन वर्षे अंगावर पाजणे, उन्हातान्हात मोलमजुरी, या साऱ्याचा तो परिणाम होता. त्यातले बरेच बदलले आहे, आणि त्यातले काही बदलायलाच हवे होते. सोळाव्या वर्षी मुलीचे लग्न लावून तिला कर्करोगापासून वाचवा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

पण ‘मी कुठे लठ्ठ आहे’ या प्रश्नाचे उत्तर वजनकाटा देऊ शकत नाही, हे आता स्पष्ट झाले आहे. न्यूयॉर्कच्या त्याच गटाने, ज्यांचे वजन उंचीच्या मानाने अगदी योग्य होते अशा, स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या 72 स्त्रियांच्या चरबीची तपासणी केली. त्यांतल्या जवळजवळ 40 टक्के जणींमध्ये दाह सापडला. त्यांच्या चरबीच्या पेशी फुगलेल्या होत्या, अरोमाटेज वाढलेले होते, रक्ताचे आकडे बिघडलेले होते. बाहेरून सडपातळ, आतून लठ्ठ. अमेरिकेतच पाळी गेलेल्या आणि वजन योग्य असलेल्या 3,460 स्त्रियांवर सुमारे 16 वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांच्यात ज्यांच्या अंगातली चरबी सर्वांत जास्त होती, त्यांना स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सर्वांत कमी चरबी असलेल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. पोटाभोवतीची चरबी त्यात विशेष भाग घेत होती. हा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला.

सडपातळ देहातल्या या चरबीशी आपली, म्हणजे मराठी माणसांची, ओळख मात्र जुनी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर एक छायाचित्र छापले. दोघे शेजारी शेजारी उभे, उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी एकच, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आधी, 1993 पासून, याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला होता. त्या बायांची बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ 800 ग्रॅमने हलकी. हलकी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी तेवढी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. पोटात असताना बाळाला अन्न पुरले नाही की ते स्नायूंवर काटकसर करते आणि चरबी राखून ठेवते. ती सवय जन्मभर पुरते.

हे वाचताना आपल्या जिल्ह्याची एक पिढी डोळ्यांपुढे येते. 1972च्या दुष्काळात नगर जिल्ह्याचा दक्षिण भाग होरपळून निघाला होता. जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेरच्या बाया दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या, सुकडी खाऊन दिवस काढत होत्या, आणि त्यांतल्या कित्येक जणी पोटुशी होत्या. त्या दोन-तीन वर्षांत जन्मलेल्या मुली आज पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. त्यांची पाळी गेली आहे. त्यांच्यातल्या अनेकींच्या शेताला पुढे पाणी आले, दारात मोटारसायकल आली, घरात गिरणी, मिक्सर, नळ आले. हंडा डोक्यावरून उतरला आणि तो उतरायलाच हवा होता. भाकरीबरोबर पोळी आली, चहा दोनाचा पाच वेळा झाला. पोटात असताना उपाशी राहिलेले आणि पुढे पोटभर मिळालेले हे शरीर आहे. या पिढीच्या स्तनांतली चरबी तपासून कोणी हा दुवा पक्का जोडलेला नाही, पण याज्ञिकांनी सहा गावांत जे दाखवले ते दहा-वीस कोसांवर खोटे ठरेल असे मानायला काही कारण नाही. आमच्या मते जिल्ह्यात आज सर्वांत जास्त जपायला हवे अशी बाई ही आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष आहे. तिचे बाळंतपण संपले, कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झाली, सरकारी वहीतले तिचे पान तिथेच थांबले.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाईसाठी सर्वांत मोलाचा आहे. त्यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या सोळाशेहून अधिक स्त्रियांची, तो न झालेल्या पंधराशेहून अधिक स्त्रियांशी तुलना केली. वजनाच्या निर्देशांकाने चित्र धूसरच राहिले. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत तर वजन जास्त असणाऱ्यांना धोका कमीच दिसत होता. पण कंबर आणि नितंब यांचे प्रमाण पाहिले तसे चित्र लख्ख झाले. ज्यांच्या कमरेचा घेर नितंबांच्या घेराच्या 95 टक्के किंवा त्याहून जास्त होता, त्यांचा धोका तीन ते चार पट निघाला, पाळी चालू असो वा गेलेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21चे आकडे याच्या शेजारी ठेवून पाहा. वजनाच्या हिशेबाने देशातल्या 24 टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या. टेपच्या हिशेबाने, म्हणजे कंबर-नितंबांचे प्रमाण धोक्याच्या वर असलेल्या, 57 टक्क्यांच्या आसपास. काट्याला चौघींपैकी एक दिसते, टेपला दोघींपैकी एकीहून जास्त दिसतात.

आणि हा टेप आपल्या गावात आधीच आहे. आशाताईच्या पिशवीत तो असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म तिने भरायचा असतो, त्याला आरोग्य खात्यात सगळे सीबॅकचा फॉर्म म्हणतात. हे काम जवळून पाहावे असे आहे. ओट्यावर बसून, गुडघ्यावर वही ठेवून ती विचारते, तंबाखू खाता का, मिश्री लावता का. बाई पदर तोंडाला लावून हसते आणि उत्तर द्यायचे टाळते. व्यायाम करता का, आठवड्याला दीडशे मिनिटे? ‘दिवसभर कामच तर करते की गं, अजून कसला व्यायाम?’ आईवडिलांना साखर, बीपी होते का? मग ती उठून टेप काढते. नेसत्या साडीवरून टेप लावायचा म्हणजे निऱ्यांचा जाड पुडा मध्ये येतो, परकराची नाडी मध्ये येते. समोर ओसरीवर सासरा किंवा दीर बसलेला असतो. बाई लाजून पोट आत ओढते. खरे तर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर टेप टेकवायचा असतो. पण जे निघते ते निघते: 84. स्त्रीची कंबर 80 सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, 81 ते 90 असेल तर एक, 90च्या पुढे दोन. आशाताई एक लिहिते, आणि पुढच्या घराकडे वळते. 84 म्हणजे काय, ते त्या बाईला कळतच नाही.

याच फॉर्मच्या दुसऱ्या भागात स्तनांविषयीचे प्रश्न असतात: गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तासारखे काही येते का, आकार बदलला आहे का. एकाच कागदावर कंबर आणि स्तन दोन्ही आहेत. पण कंबर मधुमेहाच्या खात्यात जाते आणि गाठ कर्करोगाच्या खात्यात. जिची कंबर 92 आहे, साखर चढलेली आहे, पाळी दोन वर्षांपूर्वी गेली आहे, तिची स्तनतपासणी आधी व्हायला हवी, आणि तिला ती का व्हायला हवी हे कळायला हवे, असे तो कागद कोणालाच सांगत नाही. हा दुवा जोडायला नवे यंत्र लागत नाही, नवी नेमणूक लागत नाही. आशाताईंच्या मासिक बैठकीत एक तास लागतो.

ही अपेक्षा फाजील नाही, कारण असे काम याच जिल्ह्यात होऊन गेले आहे. 2024 साली जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले त्या अहिल्यादेवींचा जन्म 1725 साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. त्याच जामखेडमध्ये 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या बाया, त्यांत कित्येक दलित, कित्येकींना अक्षरओळख नाही, अशा बायांच्या हाती त्यांनी बाळंतपण, जुलाब, लसी, कुपोषण यांचे ज्ञान दिले. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि देशाने 2005 साली आशा कार्यकर्तीची योजना आखली तेव्हा जामखेडसारख्या प्रयोगांचा धडा समोर होता. निरक्षर बाईला जर बाळाच्या दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखता येते, तर शिकलेल्या आशाताईला कमरेचा घेर मोजून त्याचा अर्थ सांगता येईलच.

गाठीच्या तपासणीबाबतही पुरावा महाराष्ट्राचाच आहे. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, मॅमोग्राफीचे यंत्र वापरले नाही. 2021 साली निष्कर्ष आले. आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला, आणि 50 वर्षांवरील स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयोगटांचा एकत्र हिशेब केला तर फरक लहान होता आणि तो योगायोग नाही असे ठामपणे म्हणता येत नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण पुन्हा पाहा, लाभ कोणाला झाला: पन्नाशीच्या पुढच्या बाईला. म्हणजे जिच्या चरबीत दाह जास्त, तिलाच नर्सबाईच्या दोन हातांचा उपयोगही जास्त.

ज्या बाईला कर्करोग झालेलाच आहे, तिच्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रिया होते, पुणे, नाशिक, मुंबई किंवा बार्शीच्या फेऱ्या होतात, केस गळतात, पुन्हा येतात. घरी सगळे मायेने वागतात. ‘तू आता कशाला हात लावू नको, नुसती बसून राहा.’ भेटायला येणारी प्रत्येक जाऊ-बहीण डिंकाचे लाडू आणते, अंगात ताकद यावी म्हणून तुपातला शिरा होतो, घसा कोरडा पडतो म्हणून ग्लुकोजचे पाणी होते. केमोथेरपीबरोबर उलट्या थांबवण्यासाठी जे स्टेरॉइड देतात, त्याने साखर चढते आणि भूक वाढते. पाळी चालू असलेल्या तरुण रुग्णाची पाळी औषधांनी जाते. हालचाल थांबते. वर्षभरात वजन आठ-दहा किलोंनी वाढलेल्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, आणि ‘तब्येत सुधारली’ म्हणून आनंदही मानला आहे. खरे तर दाहाला पोसणाऱ्या साऱ्या गोष्टी एकाच वेळी तिच्या वाट्याला आल्या. शस्त्रक्रियेने गाठ गेली, पण उरलेल्या आणि दुसऱ्या स्तनात चरबी आहेच. कर्करोगाच्या फायलीत तिची कंबर, उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब दर भेटीला लिहिला गेला, तर डॉक्टरही सावध राहतील आणि घरचेही. आणि हो, साखर खाल्ल्याने कर्करोगाला थेट खाद्य मिळते म्हणून रुग्णाचा घास तोडणारेही भेटतात. ते चूक आहे. केमोथेरपीत वजन झपाट्याने घटणे हाही धोकाच. तिला डाळ, अंडी, मटकी, दूध, भाज्या पोटभर हव्यात, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर रोजचे चालणे हवे.

चरबीतला दाह ओसरतो का? उंदरांवरच्या प्रयोगांत खाणे मोजके केल्यावर स्तनाच्या चरबीतली ती कडी कमी झाली, अरोमाटेजही उतरले. माणसांत कंबर दोन इंच उतरली म्हणून कोणा एकीचा कर्करोग टळला, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण साखर, रक्तदाब, हृदय आणि गुडघे यांच्यासाठी जे करायचे तेच इथेही लागू पडते, तेव्हा गमावण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला निक्षून सांगायची आहे. हे सारे वाचून कोणी आजारी बाईला ‘तूच पोट सुटू दिलेस’ असे म्हणू नये. स्तनाचा कर्करोग वयाने होतो, आनुवंशिकतेने होतो, पाळी लवकर येण्याने आणि उशिरा जाण्याने होतो, आणि बहुतेकदा नेमका कशाने झाला ते कळतही नाही. काटक, चार मुलांना अंगावर पाजलेल्या बाईलाही होतो. शिवाय तिची कंबर एकट्या तिच्या हातात कुठे असते? सगळ्यांची ताटे झाल्यावर रात्री दहाला उरलेला भात खाऊन ती लगेच आडवी होते आणि पहाटे पाचला उठते. सकाळी रस्त्याने फिरायला निघाली तर ‘हिला काय काम नाही वाटतं’ असे चार जण म्हणतात. पुरुषांना पाराचा कट्टा आहे, पोरांना मैदान आहे. बायांना चालायला उजेडाचा, मोकाट कुत्र्यांपासून सुरक्षित असा अर्ध्या किलोमीटरचा रस्ता किती ग्रामपंचायतींनी केला आहे? नवरात्रात ज्या बाया अनवाणी कोसकोस चालतात, त्यांना चालण्याचा आळस आहे असे कोण म्हणेल? त्यांना उरलेल्या 356 दिवसांत चालायला परवानगी आणि जागा नाही, एवढेच. उपवासाचेही तेच. नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे आणि गोड चहा यांवर काढणारी मधुमेही बाई देवीसाठी करते म्हणून कोणी तिला अडवत नाही. भगर, ताक, शेंगदाणे, राजगिरा, फळे यांवरही उपवास होतो, आणि गोळी चुकवून तर कोणताच उपवास करू नये, हे कीर्तनकारांनी व्यासपीठावरून सांगितले तर डॉक्टरांपेक्षा जास्त ऐकले जाईल.

शेजारच्या बीड जिल्ह्याचा विषयही टाळता येणार नाही, कारण ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या पाथर्डी-जामखेडच्या बाया तिथल्याच टोळ्यांतून जातात. 2019 साली तिथल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली की तिशी-पस्तिशीतच पाळीनंतरचे शरीर सुरू होते. त्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो हे खरे, पण हाडे, हृदय आणि साखर यांची किंमत मोजावी लागते. अशा बाईला तिचे नेमके काय काढले हे कागदावर लिहून मिळायला हवे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघण्याआधी त्यांची कंबर, साखर, रक्तदाब आणि स्तन तपासून कार्ड हातात देणे, हे काम कारखाने आणि आरोग्य खाते मिळून करू शकतात. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारून देशाला वाट दाखवणाऱ्या जिल्ह्याला हे जड जाऊ नये.

जिल्हा परिषदेकडे आमची मागणी मोजकी आहे. आशाताईने मोजलेला कमरेचा आकडा, साखर आणि रक्तदाब बाईच्या हातात कार्डावर लिहून द्यावा, तिला वाचता येत नसेल तर मोठ्याने सांगावा. ज्यांची कंबर 80च्या पुढे आणि वय 45च्या पुढे, त्यांची स्तनतपासणी उपकेंद्रात सर्वांत आधी करावी, आणि त्यासाठी दाराला कडी असलेली एक खोली असावी. पडद्याआड होणाऱ्या तपासणीला बाई दुसऱ्यांदा येत नाही. लोणीच्या प्रवरा वैद्यकीय विद्यापीठासारख्या संस्थांनी शस्त्रक्रियेत निघणाऱ्या स्तनांच्या ऊतींमध्ये भोवतालची चरबीही तपासावी, मॅक्रोफेज दाखवणारा सीडी68चा रंग देऊन ती कडी मोजावी. न्यूयॉर्कच्या बायांचे आकडे आपल्याला दिशा दाखवतात. राहाता-श्रीरामपूरच्या बागायती पट्ट्यातल्या आणि जामखेड-कर्जतच्या कोरडवाहू बायांचे आकडे आपल्यालाच काढावे लागतील.

आणि वाचक भगिनींना एक विनंती. आशाताई दारात आली तर तिला आत बोलवा, पोट आत ओढू नका, आणि आकडा विचारून घ्या. तो 80च्या पुढे असेल तर घाबरू नका. साखर आणि बीपी तपासा, रात्रीचे जेवण दोन तास अलीकडे आणा, शेजारणीला बरोबर घेऊन रोज अर्धा तास चाला. तिशी ओलांडली असेल तर नर्सबाईकडून स्तन तपासून घ्या, बारीक असाल तरीही. उपकेंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी मोफत होते, आणि तिला दहा मिनिटे लागतात.